गरोदर बाईची खाज अंगावर काढू नका

पुसेगाव आणि सेनगाव तालुक्यातल्या आसपासच्या गावांतल्या, वाड्या-तांड्यांवरच्या मायबहिणींना, त्यांच्या सासवांना आणि नवऱ्यांना हे कळकळीचे आवाहन आहे. तुमच्या घरात दोन जिवांची बाई असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर तिला एवढंच विचारा : तळहाताला, तळपायाला खाज सुटते का? रात्री ती वाढते का? झोप मोडते का? तिने हो म्हटलं आणि तिला सहावा महिना उलटला असेल, तर उद्या सकाळी तिला दवाखान्यात न्या. अंगावर एकही पुरळ दिसत नसलं तरी न्या. किंबहुना पुरळ दिसत नसेल तर नक्कीच न्या.

गरोदरपणात खाज अनेकींना येते. पोट ताणतं, कातडी कोरडी पडते, घाम वाढतो. बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं, आणि म्हणूनच धोक्याची खाज त्या गर्दीत हरवते. आपल्याकडे पोटाला खाज आली की आजी म्हणते, बाळाला जावळ फुटतंय. बोलणं मायेचं आहे, पण त्यानंतर सून पुन्हा तोंड उघडत नाही. रात्रभर अंग ओरबाडते, सकाळी उठून पाणी भरते, भाकरी थापते आणि शेतात जाते. कातडीवर दाखवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे घरच्यांनाही ती उगाच कुरकुर करते असं वाटतं.

ज्या दुखण्याबद्दल मी सांगतो आहे ते यकृताचं आहे. डॉक्टर त्याला ऑब्स्टेट्रिक कोलेस्टॅसिस म्हणतात. यकृतात तयार होणारं पित्त आतड्याकडे नीट वाहत नाही, त्यातली आम्लं रक्तात साठतात आणि अंगभर खाज सुटते. जोर तळहात-तळपायांवर असतो, रात्री जास्त. छातीत जळजळ करणाऱ्या किंवा अंगावर गांधी उठवणाऱ्या पित्ताशी याचा संबंध नाही, त्यामुळे ॲसिडिटीची गोळी घेऊन ते उतरत नाही. बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत सुरू होतं. काहींची लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, थोड्या जणींचे डोळे पिवळे दिसतात. पण पुष्कळदा खाजेशिवाय दुसरी कुठलीच खूण नसते. कातडीवर दिसतात ते फक्त तिच्या नखांचे ओरखडे.

आईला यात त्रास होतो, झोप जाते, पण बाळंतपणानंतर तिची खाज थांबते. खरा धोका पोटातल्या बाळाला आहे. दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात, बाळ पोटातच शी करू शकतं, आणि पित्ताम्लांचं प्रमाण फार चढलं तर बाळाचे ठोके अचानक थांबू शकतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली अनेक देशांतल्या हजारो गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली गेली. रक्तातली पित्ताम्लं १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेलेल्या स्त्रियांमध्ये शंभरातल्या साधारण तिघींचं बाळ पोटात दगावलं होतं. १०० च्या खाली राहिलेल्यांचा धोका इतर गरोदर बायकांइतकाच निघाला. म्हणजे सगळा प्रश्न एका आकड्याचा आहे, आणि तो आकडा रक्त तपासल्याशिवाय कुणालाही कळत नाही.

तपासणीचं नाव लक्षात ठेवा : सीरम बाइल ॲसिड. सोबत यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी. बाइल ॲसिडची तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. म्हणूनच एक दिवसही वाया घालवू नका. रिपोर्ट चांगला आला आणि खाज तशीच राहिली तर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त द्या, कारण खाज आधी सुरू होते आणि आकडा मागाहून चढतो असं घडतं. उपचार आहेत. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी काहींची खाज कमी होते. आकडा किती आहे हे पाहून बाळंतपण कधी करायचं ते डॉक्टर ठरवतात, कधी तारखेच्या काही आठवडे आधीही. अशा बाईचं बाळंतपण घरी किंवा रस्त्यात होता कामा नये. तिच्या आईला, बहिणीला किंवा तिला स्वतःला मागच्या खेपेला असाच त्रास झाला असेल तर पहिल्याच तपासणीला सांगा, कारण हे दुखणं घराण्यात चालतं आणि पुढच्या गरोदरपणात पुष्कळदा परत येतं.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. हिंगोली-वसमत हा हळदीचा मुलूख. घरोघरी हळद असते आणि अंगावर काही उठलं की पहिला लेप तिचाच. हळदीला मी नावं ठेवत नाही. पण गरोदर बाईला खाज येत असताना तिच्या अंगाला हळद, गेरू, चुना किंवा पाल्याचा रस फासून दवाखान्यात आणू नका. हळदीच्या पिवळेपणाखाली काविळीचा पिवळेपणा दिसत नाही. गेरूखाली फोड दिसत नाहीत. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर लाली मुळातच नीट दिसत नाही, पुरळ काळपट किंवा जांभळट दिसतं. त्यावर लेप चढला की तपासणारा काय पाहणार? कातडी स्वच्छ ठेवून या. घरी करायचंच असेल तर कोमट पाण्याने आंघोळ, आंघोळीनंतर खोबरेल तेल, सैल सुती कपडे, कापलेली नखं आणि हवं तर कॅलामाइन लोशन एवढं पुरे आहे.

पुरळ असेल तर ते कुठून सुरू झालं हे नीट पाहून ठेवा. डॉक्टर हे पहिलं विचारतात. पहिलटकरणीच्या किंवा जुळी असलेल्या बाईच्या पोटावर, ताणून पडलेल्या रेघांवर, शेवटच्या महिन्यांत खाजऱ्या गाठी उठतात आणि बेंबी मात्र मोकळी राहते. हे पुरळ फार छळतं, पण बाळाला त्यापासून काही होत नाही आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं. याउलट बेंबीभोवती सुरू होऊन अंगभर पसरणारं, पाण्याने तट्ट भरलेल्या फोडांचं पुरळ फार क्वचित होतं, पण ते वेगळं आहे. त्यात बाळाचं वजन कमी राहू शकतं, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. तिथे त्वचारोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघेही लागतात. ताप, अशक्तपणा आणि पूभरल्या बारीक पुळ्यांचे चट्टे एकत्र आले तर गाडी त्याच दिवशी काढायची.

ताप आणि पुरळ एकत्र आले की घरातला पहिला शब्द असतो, आई आली. बाईला कोपऱ्यातल्या खोलीत बसवतात, कडुनिंबाचा पाला ठेवतात, आणि देवीचा कोप होईल म्हणून दवाखान्याचं नाव काढत नाहीत. लिंब ठेवा, नैवेद्य दाखवा, त्याला कुणाची हरकत नाही. पण गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर त्या लहान मुलांच्या कांजिण्यांसारख्या नसतात. तिच्या फुफ्फुसात संसर्ग उतरू शकतो आणि दम लागून जीव धोक्यात येतो. पहिल्या पाच महिन्यांत झाल्या तर, क्वचित का होईना, बाळाच्या हातापायांवर, डोळ्यांवर परिणाम होतो. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत पुरळ उठलं तर नवजात बाळाला कांजिण्यांचा सगळ्यात वाईट तडाखा बसतो. पुरळ उठल्यापासून २४ तासांत डॉक्टरांनी औषध सुरू केलं तर त्याचा उपयोग चांगला होतो. नऊ दिवस देवीचं करून मग न्यायचं म्हटलं तर ती वेळ निघून गेलेली असते.

त्याहून पुढचं सांगतो. घरातल्या, शेजारच्या किंवा अंगणवाडीतल्या मुलाला कांजिण्या आल्या आणि घरातली गरोदर सून त्याच्याजवळ बसली-उठली असेल, तर तिला पुरळ येण्याची वाट पाहू नका. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का हे तिच्या आईला फोन करून विचारा. आल्या नसतील किंवा आठवत नसेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत देता येणारं संरक्षक इंजेक्शन आहे, त्यानंतर ते देण्यात अर्थ उरत नाही. सासऱ्यांना नागीण झाली असेल तर त्यांचं अंथरूण, त्यांची जखम पुसणं हे काम सुनेकडे देऊ नका. नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून कांजिण्यांचाच विषाणू पसरतो.

रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, याबद्दल आपल्या गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. बाईला दोन-तीन दिवस बारीक ताप, फिकट पुरळ, कानामागे गाठी, आणि मग सगळं बरं. पण पहिल्या तीन महिन्यांत हा संसर्ग झाला तर बाळ बहिरं, अंध, हृदयात दोष घेऊन जन्मण्याचा धोका फार मोठा असतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होती. म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या बहुतेक मुली त्या मोहिमेच्या बाहेर राहिल्या. आज त्याच आपल्याकडे माता होत आहेत. ही लस गरोदरपणात देत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलींनी आणि दोन मुलांत अंतर ठेवलेल्या बायकांनी ती आधी घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. गोवर संपला आहे असंही समजू नका. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडीत त्याने मुलं नेली. कामासाठी मुंबई-पुण्याला, ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं आपल्या भागातही आहेत. येताना काय सोबत येईल हे सांगता येत नाही.

पावसाळा आणि त्यानंतरचे महिने डेंग्यू, चिकुनगुनियाचे. झिकाही आता परका राहिलेला नाही : जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला रुग्ण सापडला, आणि २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर स्त्रियांनाही त्याची लागण झाली. झिकाचं पुरळ आणि ताप किरकोळ वाटतात, पण बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ताप, पुरळ आणि लाल झालेले डोळे एकत्र दिसले तर गरोदर बाईची तपासणी करून घ्या. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पेला ठिपक्यांवर दाबून पाहा. दाबूनही रंग जात नसेल तर कातडीखाली रक्त उतरलं आहे. ते डेंग्यूने असो वा वाढलेल्या रक्तदाबाच्या आजाराने, बाई त्याच घटकेला रुग्णालयात पोचली पाहिजे. अशा तापात पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची कुठलीही गोळी देऊ नका.

माझा सगळ्यात मोठा राग ट्यूबांवर आहे. जांघेत नायटा झाला, पोटावर गजकर्ण पसरलं, की मेडिकलवर जाऊन तीस-चाळीस रुपयांची ट्यूब आणायची. दोन दिवसांत खाज थांबते, आठ दिवसांत दुप्पट पसरते, मग दुसरी ट्यूब. या ट्यूबांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि जोरदार स्टेरॉइड असे तीन-तीन पदार्थ कालवलेले असतात. स्टेरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी कुठलंही नाव असेल तर ती स्टेरॉइडची आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ती सहज मिळतात. जोरदार स्टेरॉइडच्या ट्यूबांमागून ट्यूबा गरोदर बाईने लावल्या तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. डॉक्टरांनी बेताचं स्टेरॉइड, ठरावीक दिवसांसाठी दिलं तर घाबरण्याचं कारण नाही, फरक मात्र हाच की ते कुणीतरी पाहून, मोजून दिलेलं असतं. नायट्यावर गरोदरपणात क्लोट्रिमाझोलचं साधं मलम चालतं. बुरशीच्या पोटात घ्यायच्या गोळ्या स्वतःहून घ्यायच्या नाहीत. मुरमांच्या गोळ्यांपैकी आयसोट्रेटिनॉइनने बाळात गंभीर व्यंग येतं, ती घरात कुणाच्या नावाची पडलेली असेल तरी गरोदर बाईने तिला हात लावू नये.

मेडिकल दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे : बाईसाठी ट्यूब मागायला आलेल्या माणसाला आधी विचारा, ती गरोदर आहे का? हो म्हणाला तर ट्यूब देऊ नका, दवाखान्यात पाठवा.

खरूज झाली असेल, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती रात्री खाज आणि घरात दोघा-तिघांना तसंच, तर परमेथ्रिनचं मलम गरोदरपणात चालतं. मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं आणि अंथरुणं, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे. एकट्या सुनेला लावून खरूज जात नाही. शेतात गाजरगवत उपटताना किंवा सोयाबीनच्या काढणीत हात, मान, पापण्या लाल होऊन खाजत असतील तर ते काम तिच्याकडून काढून घ्या, फवारणीच्या जवळही तिला जाऊ देऊ नका. आणि खाज सुटली म्हणून लोहाच्या गोळ्या गरम पडल्या असं ठरवून त्या बंद करू नका, हे मी विनवून सांगतो. गोळ्यांची शंका असेल तर त्या सोबत घेऊन या आणि विचारा. एखादं नवं औषध सुरू केल्यावर तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलवटणं किंवा ओठ सुजून श्वास अडकणं असं काही झालं, तर ते औषध तिथेच थांबवा आणि १०८ लावा.

तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग आले तर लाजू नका. सिफिलिसची तपासणी पहिल्याच नोंदणीला करायची असते, ती झाली का हे माता-बाल संरक्षण कार्डावर पाहा. वेळेत पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं तर बाळ वाचतं, नवऱ्यालाही उपचार घ्यावे लागतात. यात बाईच्या चारित्र्याचा पंचनामा करत बसण्याचं काही कारण नाही.

आशाताईंनो, आरोग्यसेविकांनो, घरभेटीत रक्तदाब, वजन, गोळ्या विचारता तसं खाजेचंही विचारत जा. पाठवायची वेळ आली तर बाईच्या हातात नुसता 'अंगाला खाज' एवढा शेरा देऊ नका. कितवा आठवडा, खाज कधीपासून, तळव्यांना आहे का, पुरळ कुठून सुरू झालं, ताप, लघवीचा रंग, रक्तदाब, बाळाची हालचाल आणि आतापर्यंत काय लावलं-खाल्लं, हे सगळं चिठ्ठीवर आणि कार्डावर लिहा. ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं तिच्या पिशवीत टाका. पहिल्या दिवशीच्या पुरळाचा मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा, तिच्या परवानगीने आणि चेहरा न घेता. गाडीने सेनगाव किंवा हिंगोली गाठेपर्यंत पुरळ बदलून गेलेलं असतं. कांजिण्या किंवा गोवराची शंका असेल तर आधी फोन करा, म्हणजे तिला इतर गरोदर बायकांच्या रांगेत बसवणार नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ जवळ नसेल तर ई-संजीवनीवरून सल्ला घेता येतो.

रस्ता असा आहे : आपलं उपकेंद्र किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून सेनगाव, मग हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. त्यापुढे नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधं, घरून नेण्याची आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवण्याची गाडी मोफत मिळण्याचा हक्क २०११ पासून आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिला जाच, पण आज खाज सुटली असेल तर ९ तारखेची वाट पाहू नका. पहिल्या बाळंतपणाला लेक सातव्यात माहेरी आली असेल तर तिचं कार्ड आणि रिपोर्ट सासरहून मागवून घ्या. याच महिन्यांत खाजेचा धोका सुरू होतो आणि याच महिन्यांत तिचे कागद दुसऱ्या गावात पडलेले असतात.

सरपंचांनी आणि ग्रामपंचायतीने हे आवाहन चावडीवर, मंदिरात, मशिदीत, विहारात वाचून दाखवावं. बचत गटांनी पुढच्या बैठकीत वाचावं. शिक्षकांनी शाळेत कांजिण्यांचं मूल आढळलं की त्याच दिवशी आशाताईंना कळवावं, कारण त्या मुलाच्या घरी किंवा शेजारी गरोदर बाई असू शकते.

आणि घरच्यांनो, बाळाची हालचाल कमी वाटते असं ती म्हणाली तर खाज असो वा नसो, सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच रात्री १०८ ला फोन करा.